नाटकाच्या तालमीत ड्रम मशीन : जोडणी, दोषशोध आणि ठेके यांच्या प्रकल्प नोंदी

४ सप्टेंबर २०२४

पोळा आटोपला आणि नाटकाच्या तालमीची बोलणी सुरू झाली. भाऊबीजेनंतर आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुक्यात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागते आणि तिच्यासोबत रात्रभराचे नाट्यप्रयोगही सुरू होतात. यंदा गावच्या हौशी मंडळाच्या संगीताची बाजू माझ्याकडे आहे. पेटी आहे, भाच्याचा कीबोर्ड आहे, ढोलकी-तबल्याला काकाजी आहेत. परंतु ऑक्टोपॅड (काड्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) वाजवणारा मुलगा कामासाठी पुण्याला गेल्याने ती जागा रिकामी आहे. हंगामात वडशाहून (देसाईगंजहून) वादक बोलावणे आमच्या मंडळाला परवडणारे नाही. म्हणून नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात पूर्वी वापरात असलेले, दुसऱ्या हातचे अलेसिस एसआर-१६ हे ड्रम मशीन घेतले.

हे यंत्र १९९० साली बाजारात आले. त्यात २३३ आवाज, बोटांनी वाजवण्याचे बारा पॅड, ५० तयार ठेके आणि आपण रचलेले ठेके साठवण्यासाठी ५० जागा आहेत. ज्या रबरी पॅडवर बोट मारायचे ते जोराप्रमाणे लहानमोठा आवाज देतात. ऑक्टोपॅडशी याची तुलना करू नये, कारण ऑक्टोपॅडला वाजवणारा हात सतत लागतो, तर हे यंत्र एकदा शिकवलेला ठेका आपल्या आपण फिरवत राहते. आमची गरज हीच आहे.

यंत्रासोबत अ‍ॅडॉप्टर मिळाला नाही आणि माहितीपुस्तिकाही नाही. आज फक्त ओल्या कापडाने बाहेरून पुसले, मागच्या बाजूचे सर्व जॅक टॉर्च लावून तपासले आणि वीज न जोडता ठेवून दिले. मागे अ‍ॅडॉप्टरच्या भोकाशेजारी ‘९ व्होल्ट एसी’ असे छापलेले आहे. पुढील सर्व कामाच्या दृष्टीने आज मिळालेली सर्वांत महत्त्वाची माहिती हीच होय.

६ सप्टेंबर

घराघरांत राउटरचे, सेट-टॉप बॉक्सचे आणि मुलांच्या खेळण्यांचे जे अ‍ॅडॉप्टर पडलेले असतात ते जवळपास सर्व डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज देणारे असतात; एसीत विजेची दिशा सतत उलटसुलट होत असते. ९ व्होल्टचा आकडा जुळला आणि पिन आत गेली की काम झाले, असे मानण्याची पद्धत आहे. या यंत्राच्या बाबतीत ती चालत नाही. एसीवर चालणाऱ्या काही यंत्रांत आतमध्ये धन आणि ऋण असे दोन्ही पुरवठे त्या एसीपासूनच तयार केले जातात. तेथे डीसी दिला तर एकच बाजू मिळते आणि यंत्र एकतर निपचित राहते किंवा दिवा लागूनही आवाज देत नाही. अशा वेळी यंत्र बिघडलेले आहे असा निष्कर्ष फार लवकर काढला जातो.

ब्रह्मपुरीच्या एका दुकानातून एक जुना ९ व्होल्ट एसी अ‍ॅडॉप्टर तपासण्यासाठी आणला. दुकानदाराने मल्टिमीटर लावून तो मेलेला असल्याचे सांगितले होते, म्हणून अगदी स्वस्तात मिळाला. घरी येऊन मीटरची कळ पाहिली तर दुकानातल्याप्रमाणे डीसीवर ठेवल्यास काटा शून्यावरून हलत नव्हता, कारण डीसीच्या पट्टीवर एसीची सरासरी शून्यच येते. कळ एसी व्होल्टवर फिरवली आणि साडेदहाच्या वर आकडा आला. भार नसताना ट्रान्सफॉर्मर छापलेल्या आकड्याहून थोडा जास्त व्होल्टेज देतो, म्हणून साडेदहा पाहून घाबरण्याचे कारण नाही. त्या अ‍ॅडॉप्टरवर मात्र ३०० मिलिअँपिअर लिहिलेले होते. या यंत्राची भूक त्याहून बरीच मोठी आहे. तो गरम होत गेला असता आणि व्होल्टेज खाली बसले असते, म्हणून त्यावर यंत्र सुरू केले नाही.

१० सप्टेंबर

भाचा नागपूरला गेला होता. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून त्याच्याकडून १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर मागवला. दुकानात सहज मिळतो तो ९-०-९ या जातीचा असतो आणि त्यातून दुय्यम बाजूला तीन तारा निघतात. मधली तार आणि बाजूची कोणतीही एक तार यांच्यामध्ये ९ व्होल्ट मिळतात; दोन्ही बाजूंच्या तारा घेतल्या तर १८ व्होल्ट होतात. एवढ्याने यंत्राचा जीव जाऊ शकतो. म्हणून उरलेली तार कापून तिच्या टोकावर स्वतंत्र नळी चढवली आणि डब्यात बांधून टाकली, जेणेकरून पुढे कोणी डबा उघडला तरी ती चुकून जोडली जाणार नाही.

ट्रान्सफॉर्मर प्लास्टिकच्या डब्यात बसवला, २३० व्होल्टच्या बाजूला फ्यूज घातला आणि केबल ओढली गेली तरी टाका सुटू नये म्हणून आतून गाठ दिली. एसीला धन-ऋण नसल्यामुळे पिनच्या आत कोणती तार आणि बाहेर कोणती, हा प्रश्न येथे उरत नाही. डीसी पेडलच्या बाबतीत मात्र तो सर्वांत आधी विचारावा लागतो.

यंत्राला जोडण्यापूर्वी डबा काही वेळ नुसताच चालू ठेवून हात लावून पाहिला. कोमटपणाच्या पुढे गेला नाही. मग यंत्र जोडले. पडदा उजळला, अक्षरे स्वच्छ दिसली आणि हेडफोनमध्ये पॅडचे आवाज आले. बारापैकी अकरा पॅड व्यवस्थित आहेत. एक फक्त जोरात दाबल्यावर बोलतो. त्याकडे नंतर पाहू.

१५ सप्टेंबर

आज तालमीच्या ओसरीत यंत्र सर्वांसमोर मांडले. पॅड मारले की आवाज येतो, पण ‘प्ले’ दाबल्यावर ठेका सुरू होत नाही, अशी अवस्था झाली. भाच्याने दुसरा ठेका निवडला, तिसरा निवडला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. फरक पडला नाही.

आवाज येतो म्हणजे वीज ठीक आहे आणि ध्वनी निर्माण करणारा भागही ठीक आहे. अडले ते फक्त काळ मोजणारे चाक. ड्रम मशीनमध्ये काळ मोजण्याचे काम आतले घड्याळ करते किंवा बाहेरून मिडी (वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याची पद्धत) केबलने येणारे घड्याळ करते. कोणाचे ऐकायचे हे एका सेटिंगने ठरते. बाहेरचे घड्याळ निवडलेले असेल तर ‘प्ले’ दाबल्यावर यंत्र समोरून ठोके येण्याची वाट पाहत थांबते. ऑर्केस्ट्रात हे यंत्र दुसऱ्या कीबोर्डच्या मागे चालत असावे आणि सेटिंग तसेच राहिले असावे. मिडीच्या पानावर जाऊन घड्याळ ‘अंतर्गत’ केले आणि ‘प्ले’ दाबताच ठेका सुरू झाला.

मिडी हा प्रमाणित संकेत १९८३ पासून वापरात आहे आणि त्याच्या घड्याळात एका बीटला २४ स्पंदने असतात. भाच्याची इच्छा कीबोर्ड आणि ड्रम मशीन एकमेकांना बांधून ठेवण्याची आहे. त्याच्या नव्या कीबोर्डला मात्र पाच पिनांचा गोल मिडी जॅक नाही. फक्त संगणकाला जोडण्याचा यूएसबी आहे. यूएसबीची ती बाजू संगणकाशिवाय दुसऱ्या यंत्राशी बोलत नाही, आणि बाजारात मिळणारी साधी यूएसबी-मिडी केबलही मध्ये संगणक असल्याशिवाय चालत नाही. प्रयोगाच्या रात्री विंगेत लॅपटॉप ठेवणे मला मान्य नाही. तेव्हा कीबोर्डचा स्वतःचा ताल बंद ठेवून लय एकट्या ड्रम मशीनची, असे ठरवले.

२२ सप्टेंबर

तयार ठेके काकाजींना ऐकवले. त्यांनी दोन-तीन ठेक्यांवर ढोलकी धरून पाहिली आणि हात थांबवला. म्हणाले, “आठ मात्रा त बरोबर हायेत जी, पन खालीवर हा धम्म कायले मारते?”

खाली म्हणजे तालातील टाळी नसलेली हलकी जागा. त्यांच्या या एका प्रश्नात तयार ठेक्यांची सगळी अडचण आली. पाश्चात्त्य पद्धतीच्या साध्या ठेक्यात चार बीट असतात. बेस ड्रम (खर्जाचा मोठा ड्रम) पहिल्या आणि तिसऱ्या बीटवर, स्नेअर (कोरड्या आवाजाचा लहान ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर पडतो. केरवा या तालाच्या आठ मात्रा त्यावर बसवल्या की चार बीट अनुक्रमे पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवी मात्रा होतात. म्हणजे बेस ड्रम पाचव्या मात्रेवर, जेथे केरव्याची खाली असते आणि जेथे डग्गा (तबल्याच्या जोडीतले खर्जाचे वाद्य) गप्प असायला हवा, नेमका तेथेच घुमतो. आणि सातव्या मात्रेवर, जेथे ‘धि’ चा भरलेला आवाज हवा, तेथे स्नेअरचा कोरडा फटका येतो. मोजणी जुळते, वजन उलटे पडते. गाणारा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येताना डगमगतो तो यामुळे.

म्हणून तयार ठेके बाजूला ठेवून आपला ठेका भरायचे ठरले. तयार ठेक्यांच्या जागांवर नवीन काही भरता येत नाही, त्यासाठी आधी स्वतःच्या ठेक्यांच्या जागांमध्ये जावे लागते. ‘रेकॉर्ड दाबूनही काही भरत नाही’ ही नवशिक्यांची तक्रार बहुतेक वेळा येथेच मिटते.

केरव्याचे बोल धा गे ना ति । न क धि न. ज्या बोलांत डग्गा उघडा वाजतो ते तीनच आहेत : धा, गे आणि धि, म्हणजे पहिली, दुसरी आणि सातवी मात्रा. बेस ड्रम फक्त या तीन जागी भरला. पहिल्या मात्रेवर जोरात, दुसरीवर अगदी हलका आणि सातवीवर मध्यम. हाय-हॅट (झांजांच्या जोडीचा आवाज) प्रत्येक मात्रेला ठेवला, त्यातही चौथ्या आणि आठव्या मात्रेचा जरा उघडा. पाचव्या व सहाव्या मात्रेवर हाय-हॅटखेरीज काहीही नाही. एवढे झाल्यावर यंत्र फिरत ठेवले आणि काकाजींनी त्यावर ढोलकी धरली ती बराच वेळ सोडली नाही.

२९ सप्टेंबर

आज दादरा. बोल धा धी ना । धा ती ना, मात्रा सहा. येथे लांबीचा आणि क्लिकचा (ठेका भरताना लय दाखवणाऱ्या टिकटिकीचा) प्रश्न एकत्र आला, आणि तो नीट लिहून ठेवण्यासारखा आहे.

केरवा भरताना एका बीटमध्ये दोन मात्रा घेण्याचा मोह होतो, कारण मग आठ मात्रा चार बीटमध्ये मावतात आणि क्लिक पहिली, तिसरी, पाचवी, सातवी अशी सोयीची पडते. हाच हिशोब दादऱ्याला लावला तर सहा मात्रांचे तीन बीट होतात आणि क्लिक पहिली, तिसरी, पाचवी या मात्रांवर वाजते. दादऱ्याचे खंड मात्र तीन-तीनचे आहेत, त्याचे वजन पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर आहे. क्लिक ऐकत भरणाऱ्याचा हात हळूहळू क्लिककडे ओढला जातो आणि भरलेला ठेका दादऱ्याऐवजी तीन बीटच्या वाल्ट्झ या पाश्चात्त्य नृत्यतालासारखा निघतो. ठेका ऐकून कोणी ‘हे दादऱ्यासारखे लागत नाही’ म्हणाले तर आवाज बदलण्यापूर्वी क्लिक कुठे पडते आहे ते पाहावे.

उपाय असा केला की दोन्ही तालांत एक मात्रा म्हणजे एक बीट, हे एकच माप ठेवले. केरव्याची लांबी आठ बीट, दादऱ्याची सहा. टेम्पोचा आकडा म्हणजे सरळ मिनिटाला किती मात्रा, हे सर्वांना कळते. यात दुसराही फायदा आहे : नाटकात पद केरव्यातून दादऱ्यात शिरते तेव्हा मात्रेची लय तीच राहिली तर टेम्पोच्या कळीला हात लावावा लागत नाही. दोन ठेक्यांना दोन मापे असती तर पदाच्या मधोमध आकडा दुप्पट करण्याची वेळ आली असती.

दादऱ्यात डग्गा पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला भरला.

६ ऑक्टोबर

यंत्रात कोंगा आहेत, बोंगो आहेत, टॉम आहेत, त्यांचा सूर थोडा खालीवर करता येतो. तेव्हा त्यांतून ढोलकीच उभी करावी असे भाच्याचे म्हणणे होते. “मामाजी, काकाजींचा हात दुखला तर निदान कामी पडेल,” असा त्याचा युक्तिवाद. त्याच्या आग्रहामुळे खरोखरच एक पूर्ण ढोलकी-ठेका भरून पाहिला. थाप जवळपास जमते, चाटीही बरी उतरते. जमत नाही तो घुमारा. डग्ग्यावर थाप मारल्यावर मनगटाने दाब देत आवाज वर चढवला जातो, तो चढ एका नमुन्यात बंद झालेला नसतो. प्रत्येक वेळी वेगळा असतो आणि पात्राच्या शब्दाकडे पाहून घेतला जातो. एकच घुमारा प्रत्येक आवर्तनात तंतोतंत तसाच ऐकू येऊ लागला की तिसऱ्या आवर्तनापासून तो खुपतो.

माझे मत यामुळे पक्के झाले आहे. ड्रम मशीनने ढोलकीची नक्कल करू नये. त्याने बेस ड्रम, हाय-हॅट आणि टाळीचा आवाज सांभाळून लयीचे जोते घालावे आणि वरचा सारा भराव माणसाच्या हाताला मोकळा ठेवावा. भरलेला ढोलकी-ठेका पुसून टाकला.

काकाजींची खरी शंका मात्र वेगळीच होती. “पात्र यायले उशीर झाला त का करन थे मशीन?” असे त्यांनी विचारले, आणि हा प्रश्न प्रत्येक प्रयोगात येणारच आहे. संवाद लांबतो, प्रेक्षक ‘वन्स मोअर’ घेतात, खलनायकाची मिशी विंगेत सापडत नाही. यंत्रात ठेक्यांची माळ गुंफून पूर्ण गाणे साठवण्याची सोय आहे, परंतु तशी माळ ठरलेल्या आवर्तनांनंतर पुढे सरकते आणि रंगमंचावर काय चालले आहे याची तिला कल्पना नसते. नाटकासाठी ती सोय आम्ही वापरणार नाही. एकच ठेका अखंड फिरत ठेवायचा आणि पुढे कधी सरकायचे ते पायाने सांगायचे.

या यंत्रात प्रत्येक ठेक्याला ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन भाग असतात, आणि एकातून दुसऱ्यात जाताना वाजण्यासाठी मध्ये भराव ठेवता येतो. ‘ए’ मध्ये मुखड्याचा ठेका, ‘बी’ मध्ये अंतऱ्याचा, आणि मधल्या भरावात उठाण, म्हणजे समेकडे नेणारा जोरकस तुकडा. मागे दोन पायकळींचे जॅक आहेत : एकाने सुरू-बंद, दुसऱ्याने भाग बदल. पायकळ दाबल्यावर आवर्तनाच्या उरलेल्या मात्रांत उठाण वाजते आणि समेपासून दुसरा भाग लागतो. येथे कळ कोणत्या मात्रेला दाबली यावर उठाण किती ऐकू येईल ते अवलंबून असते. पाचव्या मात्रेला दाबली तर अर्धे उठाण मिळते आणि तेच सर्वांत सुबक वाटते, म्हणून ‘खालीवर पाय’ (खालीच्या मात्रेवर कळ दाबायची) हा नियम भाच्याला घालून दिला. पायकळी जोडून मगच यंत्र सुरू करण्याची सवयही लावली, कारण पुष्कळ यंत्रे आणि कीबोर्ड सुरू होतानाच कळीचा प्रकार ओळखून घेतात आणि नंतर जोडलेली कळ उलटी चालते.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. आज पहिल्यांदा हेडफोन आणि लहान स्पीकर सोडून गावच्या ध्वनिक्षेपकावर यंत्र लावले. दोन दोष दिसले.

पहिला, आवाज फाटका. केबल अ‍ॅम्प्लिफायरच्या माइकच्या भोकात घातलेली होती. माइकमधून येणारा विद्युतदाब काही मिलिव्होल्टचा असतो, तर ड्रम मशीनच्या लाइन आउटपुटचा त्याच्या शेकडो पट. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज कितीही कमी केला तरी पहिल्याच टप्प्यात लहरींचे शेंडे छाटले गेलेले असतात आणि नंतर ते भरून येत नाहीत. केबल ‘ऑक्स’ मध्ये (लाइनच्या मोठ्या दाबासाठी असलेल्या भोकात) घातली आणि आवाज स्वच्छ झाला.

दुसरा दोष अधिक विचार करायला लावणारा होता : बेस ड्रम ऐकूच येईना. हेडफोनमध्ये छाती भरून टाकणारा आवाज मैदानात फक्त ‘टक्’ असा उरला. दोष यंत्राचा नाही, केबलचा नाही. गावात झाडाला आणि खांबाला जे भोंगे बांधतात ते साधारण ३०० हर्ट्झच्या खालचे फारसे काही फेकत नाहीत, आणि बेस ड्रमचा मूळ सूर ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो. भोंग्यावर जे पोचते ते फक्त ठोक्याचे टोक. मंडईच्या रात्री मंडपात मोठे स्पीकर असतील, पण मैदानाच्या कडेला भोंगेही असणार. म्हणून त्या २३३ आवाजांतून असा बेस ड्रम निवडला की ज्याच्या ठोक्याला लाकडी धार आहे, आणि त्याच पावलावर अगदी हलका वरच्या सुराचा टॉम ठेवला, जो भोंग्यातूनही अंगाने ऐकू येतो. हेडफोनमध्ये हा जोड आता तितका देखणा वाटत नाही. मैदानात तो योग्य आहे, आणि निवड मैदानात उभे राहून करायची असते.

२० ऑक्टोबर

मंडपवाल्याच्या मिक्सरवर चाचणी. विंगेतून मिक्सरपर्यंत लांब साधी केबल ओढली तेव्हा सतत ‘हूँ’ असा गुणगुणाट आला. शोध घेण्यासाठी एक-एक वस्तू काढत गेलो. यंत्र बंद केले, गुणगुण राहिली. यंत्राकडची पिन काढून हातात धरली, वाढली. केबल हॅलोजनच्या वायरपासून दूर सरकवली, कमी झाली. म्हणजे केबल वाटेतली वीज उचलत होती. मंडपवाल्याकडे डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज माइकच्या लांब केबलमधून नेण्याजोगा करणारी डबी) होता. तो यंत्राजवळच ठेवून तेथून पुढे माइकची तीन पिनांची केबल नेली आणि गुणगुण गेली. यंत्रापासून डीआयपर्यंतची केबल हातभरच ठेवायची.

रात्री आठनंतर वेगळाच प्रकार सुरू झाला. ठेका चालता चालता पडदा फिका पडायचा आणि यंत्र स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे. मीटर लावला तेव्हा मंडपातील बोर्डावर १७० व्होल्टच्या आसपास आकडा होता. भाच्याचा कीबोर्ड त्याच वेळी निवांत चालत होता, त्यामुळे सर्वांचा संशय ड्रम मशीनवर गेला. फरक अ‍ॅडॉप्टरचा आहे. कीबोर्डचा अ‍ॅडॉप्टर स्विचिंग जातीचा असून १०० ते २४० व्होल्टमध्ये कितीही मिळाले तरी तो आपला पुरवठा स्थिर ठेवतो. ट्रान्सफॉर्मरला तशी बुद्धी नाही. वर जितके कमी, तितके खाली कमी. २३० ला ९ देणारा ट्रान्सफॉर्मर १७० ला साडेसहा-पावणेसात देतो, आणि तेवढ्यावर आतला ५ व्होल्टचा पुरवठा टिकत नाही.

घरचा इन्व्हर्टर आणून पाहिला. यंत्र बंद पडणे थांबले, परंतु आवाजात बारीक करकर आली. तो चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर आहे; त्याच्या कडा ट्रान्सफॉर्मरमधून तशाच पुढे येतात. साइन-वेव्ह (गुळगुळीत लहरीचा) इन्व्हर्टर मंडळातील एका सदस्याच्या दुकानात आहे. तो लावला आणि दोन्ही तक्रारी मिटल्या. प्रयोगाला तोच इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी विंगेत राहील; त्यावर ड्रम मशीन आणि कीबोर्ड यांखेरीज कोणीही मोबाईलचा चार्जरसुद्धा लावायचा नाही. मंडपात जनरेटर असला तरी हाच नियम, कारण दिव्यांचा झोत एकदम वाढवला की लहान जनरेटरचे व्होल्टेज खाली-वर होते.

२५ ऑक्टोबर

धान कापणीमुळे चार-पाच दिवस तालीम नव्हती. आज यंत्र सुरू केले तर भरलेले ठेके गेलेले. काही जागी रिकामे, काही जागी भलतेच काही वाजते. तयार ठेके आणि आवाज मात्र शाबूत आहेत. ते कायमच्या स्मृतीत असतात. आपण भरलेले ठेके ज्या स्मृतीत राहतात तिला वीज नसताना आतला लिथियम सेल जिवंत ठेवतो. इतकी वर्षे वापरलेल्या यंत्रातला सेल संपणे स्वाभाविक आहे. आजवर हे लक्षात न येण्याचे कारण असे की तालमीच्या दिवसांत अ‍ॅडॉप्टर जोडलेलाच राहत होता.

ब्रह्मपुरीच्या मेकॅनिककडून यंत्र उघडून घेतले. ३ व्होल्टचा सेल दोन व्होल्टच्याही खाली आला होता आणि तो थेट टाक्याने बसवलेला होता. सेलवर सरळ सोल्डर करणे धोक्याचे असते, तापून तो फुटू शकतो. म्हणून पाय असलेला सेल-धारक टाकला आणि त्यात नवा सेल बसवला. पुढच्या वेळी सोल्डरची गरज पडणार नाही. उघडलेलेच होते तेव्हा अडखळणारा पॅडही पाहायला सांगितला. साफ केल्यावर तो सुधारला, तरी इतरांइतका हलका झालेला नाही. त्या पॅडवर दुय्यम आवाज ठेवला.

ठेके पुन्हा भरायला फार वेळ लागला नाही, कारण प्रत्येक ठेका चौकटीच्या वहीत लिहून ठेवलेला होता : आडव्या रांगेत मात्रा, उभ्या रांगेत आवाज, आणि चौकटीत जोराचा आकडा १ ते ३. मिडीने ठेक्यांची नक्कल संगणकात उतरवून ठेवता येते आणि ती हंगामानंतर करूही. पण वही विंगेत उपयोगी पडते, काकाजींना वाचता येते आणि दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर तोच ठेका त्यावरून भरता येतो.

६ नोव्हेंबर

मंडईचा प्रयोग झाला. यंत्र रात्री दहा ते पहाटेपर्यंत एकदाही बंद पडले नाही. दुसऱ्या अंकात नायिकेच्या प्रवेशाला बराच उशीर झाला, तेव्हा ‘ए’ भाग फिरत राहिला आणि काकाजींनी त्यावर लग्ग्या (ठेक्यावरचे द्रुत, खेळकर बोल) घेत वेळ काढला. प्रवेश झाल्यावर भाच्याने खालीवर पाय दिला आणि अंतरा समेवर लागला.

एक सुधारणा तातडीने हवी आहे. पहाटेच्या सुमारास थंडीने ढोलकीच्या चाटीचा सूर उतरतो, काकाजी मध्येच सूर चढवून घेतात, आणि तेवढ्या वेळात ठेका अगदीच उघडा पडतो. त्या वेळेसाठी टाळी आणि घुंगरासारख्या आवाजाचा भरीव ‘बी’ भाग असलेला तिसरा ठेका भरायचा आहे. रूपकाचा, सात बीटचा ठेकाही राहिला आहे. दुसऱ्या नाटकातील एका पदाला तो लागतो. पुढचा प्रयोग नागभीडकडील एका गावात आहे आणि तेथे मंडपाला वीज जनरेटरची आहे, म्हणून निघण्यापूर्वी इन्व्हर्टरची बॅटरी रात्रभर चार्ज करून तिच्या पाण्याची पातळी पाहायची आहे.